जुन्या शिवणयंत्राची निगा



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील शाळांत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले शिक्षक. विद्वत्तेचा विषय आमच्यापाशी नाही. निवृत्तीनंतर जुनी शिवणयंत्रे दुरुस्त करून चालती ठेवण्याचा छंद आम्हांस जडला, त्याविषयीच बोलणार आहोत. विषय लहान वाटेल; परंतु आपल्या शिंपी समाजाच्या दोन-तीन पिढ्यांची चूल ज्या यंत्रावर पेटली, त्याची आजची अवस्था पाहिली म्हणजे तो लहान राहत नाही.

या यंत्राची जन्मकथा आपल्या मुलांना ठाऊक असावी. १८३० साली बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, आपली भाकरी जाईल या भयाने, पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. त्यानंतर अमेरिकेत १८४६ साली एलियास हौ याने व १८५१ साली आयझॅक सिंगर याने पेटंट मिळविले. सिंगर कंपनीने हप्त्याने यंत्र देण्याची रीत पाडली, आणि आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी तिचा व्यापार वाढविला. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्रास आपल्या टीकेतून वगळले होते. पुढे १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र काढले. पॅरिसच्या शिंप्यांनी यंत्र मोडले, आपल्या पूर्वजांनी ते जोडीस घेतले, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पैरण, बंडी, चोळी, बाळाचे झबले-टोपडे, सारे त्या एका यंत्रावर निघाले आणि मुले त्याच्याच खडखडाटात अभ्यास करून मोठी झाली.

तयार कपड्यांनी बाजार व्यापल्यावर ही यंत्रे माळ्यावर गेली. माळ्यावरून ती भंगाराच्या गाडीत जातात आणि किलोच्या भावाने विकली जातात. कोठे लोखंडी पायटा तेवढा ठेवून त्यावर फरशी बसवितात व चहाचे टेबल करतात. “यंत्र जाम झाले, आता काय उपयोग?” हे उत्तर आम्ही पुष्कळ घरी ऐकले. आमचा अनुभव असा की, जाम झालेली बहुतेक यंत्रे मेलेली नसतात, चिकटलेली असतात.

त्याचे कारण साधे आहे. यंत्राचे तेल संपले म्हणजे घरातील खोबरेल किंवा गोडेतेल घालण्याची सवय पुष्कळांस होती. ही वनस्पतींची तेले हवेने घट्ट होतात व वर्षानुवर्षांनी त्यांची राळ बनते. शिवणयंत्राचे खनिज तेल असे आळत नाही. यास्तव यंत्र हाती आले म्हणजे प्रथम ते दोन-तीन दिवस उन्हात ठेवावे, मग तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडून चाक हाताने पुढे-मागे हलवीत राहावे. आज केसभर हलले तर उद्या बोटभर हलेल. हातोडी मात्र उचलू नये. बिडाचे लोखंड वाकत नाही, तुटते. चाक मोकळे झाले की मळ पुसून खरे तेल द्यावे. शटलखाली अडकलेला दोऱ्याचा एखादा तुकडाही सारे यंत्र अडवून धरतो, तो चिमट्याने काढावा.

टाका सुटत असेल तर घाईने स्क्रू फिरवू नयेत. यंत्राचा टाका दोन धाग्यांचा असतो. खाली गेलेली सुई किंचित वर येऊ लागते, त्या क्षणी धाग्याचा फास पडतो आणि शटलच्या टोकाने नेमक्या त्याच क्षणी तो पकडावा लागतो. सुई बोथट असली, उलटी बसली किंवा पुरती वर चढली नसली, तरी हा मेळ चुकतो. दहांतील निम्मी दुखणी नुसती नवी सुई नीट बसविल्याने जातात, असा आमचा अनुभव आहे. चामडी पट्टा सैल पडला असेल तर थोडा कापून तारेने पुन्हा जोडावा, एवढेच. सिंगरच्या ‘पंधरा-के’ या जातीच्या नमुन्यावर आपल्याकडील काळी यंत्रे घडली, म्हणून त्यांची बॉबिन व बॉबिन केस आजही बाजारात मिळते. होडीच्या आकाराच्या शटलचे जुने यंत्र असेल, तर ती होडी जिवापाड जपावी. तिची जोड सहजी मिळत नाही.

रंगाविषयी एक विनंती. जुने यंत्र नव्यासारखे चकचकीत करण्याच्या मोहाने पॉलिश-कागद घासू नये, स्पिरिट लावू नये. त्याने सोनेरी वेलबुट्टी विरघळून जाते. तेलाच्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. जेथे वेल झिजला आहे, तेथे कापड सरकविताना आजोबांचा किंवा आजीचा तळहात टेकत असे. ती झीज म्हणजे घराण्याची वहीच होय. तिच्यावर नवा रंग का फासावा? पाटावर ठोकलेला क्रमांकही खरवडू नये. सिंगरच्या क्रमांकाआधीची अक्षरजोडी इंग्रजी ‘ई’ने सुरू होत असेल, तर ते यंत्र १९३५ च्या आसपास वा त्यानंतर स्कॉटलंडातील क्लाइडबँक येथे घडले असे समजावे. तो कारखाना १९८० साली बंद पडला. तेथे ओतलेले लोखंड आजही आपल्या घोडेगाव-ओतूरकडील घरांत टाके घालू शकते.

बंधूंनो, आमच्या तालुक्याचे नाव आंबेगाव आहे. पण ज्या गावावरून ते पडले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले आणि कचेरी घोडेगावी आहे. नाव उरले, गाव गेले. धरणाने शेतांना पाणी दिले, म्हणून त्या जाण्याला काही अर्थ तरी आहे. परंतु ‘शिंपी’ हे नाव उरून हातातील शिवण गेली, तर त्याच्या बदल्यात आपणांस काय मिळणार? मुलांनी शिकावे, डॉक्टर-इंजिनिअर व्हावे. तरी सुईत दोरा ओवता येणे व यंत्रास तेल देता येणे, यांत कमीपणा कसला?

म्हणून तीन मागण्या करतो. ज्याच्या घरी जुने यंत्र आहे, त्याने ते भंगारात देण्यापूर्वी एकवार समाजातील जाणत्याकडून पाहून घ्यावे. कोणाच्या घरी कोणते यंत्र आहे, त्याचा क्रमांक काय व ते कोणी चालविले, याची नोंद मंडळाने एका वहीत करावी. आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर येथे जे थोडे वृद्ध कारागीर आज ही दुरुस्ती जाणतात, त्यांच्याजवळ सुटीत दोन-दोन मुले बसवावीत. कारण सुटा भाग बाजारात मिळेल, पण नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखणारा कान मिळणार नाही. या कामी ज्यांस आमचा उपयोग होईल, त्यांनी यंत्र घेऊन खुशाल यावे. मोबदला नको, चहा आमचा.

संतशिरोमणी श्रीनामदेवमहाराजांस वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.