इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर



डोक्यावर लख्ख ऊन आणि बाजारपेठेत पुराचे पाणी, असे भामरागडला होऊ शकते. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे हे तालुक्याचे गाव. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे भेटतात. तिघींत थोरली इंद्रावती. ओडिशातल्या कालाहंडीत ती उगम पावते, जगदलपूरवरून येते, चित्रकोटच्या कड्यावरून कोसळते आणि मग इकडे वळते. तिकडे बस्तरात पाऊस लागला की ती फुगते. पर्लकोटेला मग आपले पाणी रिते करायला वाटच उरत नाही; ते मागे दाबले जाते आणि चढू लागते. आधी तिच्यावरचा जुना ठेंगणा पूल बुडतो, मग दुकानांच्या पायऱ्या. दुकानदार मुकाट्याने माल वरच्या फळ्यांवर चढवू लागतात. पावसाळ्यात तालुक्याचा जगाशी संबंध असा वारंवार तुटतो, म्हणून शेजारीच उंच पूल बांधायला घेतला.

आलापल्लीहून इथवरचा रस्ता साधारण 65 किलोमीटरचा, बराचसा जंगलातून जाणारा. पूल येण्याआधी हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी 1973 साली सुरू केलेला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प इथलाच. महाराष्ट्रातून बसगाड्या भरभरून माणसे येतात, दवाखाना, शाळा, प्राणी पाहतात आणि बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात. भामरागड तिथून हाकेच्या अंतरावर! मला याचे नवल वाटते. पूल ओलांडावा, बाजारात हिंडावे. मीठ, सुकट, कपडा, कोंबड्या, हंगाम असेल तर मोहफुले. दुकानात मराठी, तेलुगू, हिंदी सगळे चालते. खरेदीला आलेली माणसे आपसांत मात्र माडिया बोलतात. ही भाषा द्राविड कुळातली, त्यामुळे मराठी कानाला फार थोडे शब्द ओळखीचे लागतात.

माडिया गोंडांची खरी वस्ती आहे ती आसपासच्या टोल्यांवर, म्हणजे छोट्या पाड्यांवर. आणि हे टोले एकाच काठावर नाहीत. नकाशात इंद्रावतीवर महाराष्ट्र संपतो, पलीकडे छत्तीसगड. इथल्या माणसाला मात्र पलीकडे मावशी आहे, सोयरीक आहे, आजारी माणसाला डोंग्यातून इकडे आणायचे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाळूतून चालतच जातात. हेमलकशाच्या दवाखान्यात पलीकडचे रोगी येतात ते याच वाटांनी.

ही सीमा राजदरबारी पुष्कळदा बदलली. इंग्रजी अमलात अलीकडे मध्य प्रांताचा चांदा जिल्हा, पलीकडे बस्तर संस्थान. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दोन्ही काठ एका राज्यात आले. आठच वर्षे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बस्तर मध्य प्रदेशात राहिले. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, 2000 मध्ये छत्तीसगड. इतक्या वेळा फलक बदलले, पण लग्ने जमवताना कुणी राज्य विचारल्याचे ऐकिवात नाही. कागद मात्र विचारतात. दाखला अलीकडचा की पलीकडचा, शिधापत्रिका कोणत्या राज्याची, जमिनीचा तुकडा कोणत्या तलाठ्याकडे? नदीने अडवले तर डोंगा आहे. या प्रश्नांना डोंगा नाही. दोन्ही राज्यांनी निदान दवाखान्याच्या आणि शाळेच्या कागदांपुरता हा काठ एक मानावा, असे मला वाटते.

जायचे तर दिवाळीनंतर जा. मे महिन्यात अख्खा टोला तेंदूपत्त्यात गुंतलेला असतो, पाहुण्यासाठी कुणाला सवड नसते. जवळ ओळखपत्र आणि सुटे पैसे ठेवा. वाटेत मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले दगड दिसतील. त्यांना टेकून फोटो काढू नका. गोटुल म्हणजे गावाचे सामाईक घर. त्याबद्दल बाहेर इतक्या चावट गोष्टी पसरल्या आहेत की पाहुण्याची नजर आधीच बिघडलेली असते. गावाची बैठक, तंटे, सण, सगळे तिथेच होते. आत जायचे तर गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ते नको म्हणाले, तर बाजारात परत यावे. चहा तिथे चांगला मिळतो.