तांबडा चिमटा, काळा चिमटा

आषाढातील एक पहाट. खानापुरातील एका टॅक्सीवाल्याची मोटार अंगणात उभी आहे. रात्री आतला दिवा चुकून जळत राहिला आणि बॅटरी पार उतरली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना तर आताच बेळगावच्या इस्पितळात न्यावयाचे आहे. किल्ली फिरविली की सेल्फ नुसता टकटक करतो. समोरच्या घरातील शिक्षक आपली मोटार घेऊन मदतीस धावून येतात. भोवती अंधार, वरून पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तारांचे चिमटे, आणि घरातून ‘आटपा, आटपा’ अशी हाक. त्या घाईत टॅक्सीवाल्याच्या हातून तांबडा चिमटा काळ्याच्या जागी आणि काळा तांबड्याच्या जागी बसतो. मोठी ठिणगी उडते, ‘फट्’ असा आवाज होतो, रबर जळाल्याचा वास सुटतो. ज्या दिव्यांचा मघाशी मंद का होईना उजेड पडत होता, तेही आता लागत नाहीत.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी अपूर्व नाही. जेथे मोटारी आहेत तेथे तो केव्हा ना केव्हा घडतो. आणि घडल्यावर जी धांदल उडते, तिच्यात मूळ चुकीहून मोठ्या चुका होतात. म्हणून त्या एका क्षणात काय घडते, आणि पुढे काय करावे, हे नीट समजून घेणे हिताचे आहे.

मोटारीच्या नेहमीच्या बॅटरीत सहा घरे असतात. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल यांच्या योगाने प्रत्येक घरात दोन व्होल्टहून किंचित अधिक दाब उत्पन्न होतो. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शोधून काढलेली हीच रचना आजही बहुतेक मोटारींत आहे.

दोन बॅटऱ्यांची धन टोके एकमेकांस आणि ऋण टोके एकमेकांस जोडली, तर त्यांचे दाब परस्परांसमोर उभे राहतात. दोहोंतील फरक थोडा असल्यामुळे भरलेलीतून रिकामीकडे प्रवाह बेताने जातो. जोडणी उलटी झाली की चित्र पालटते. विजेरीत एकामागे एक सेल घालावेत तसे दोन्ही दाब एकमेकांत मिळतात आणि त्यांना अडविणारे वाटेत जवळजवळ काहीच उरत नाही. समजा, एकत्रित दाब 20 व्होल्ट भरला आणि बॅटऱ्या व तारा यांचा एकूण विरोध एका ओहमचा पन्नासावा भाग असला, तर प्रवाह होईल 1000 अँपिअर! घरातील छताच्या पंख्यास अर्धा अँपिअरही लागत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. प्रत्यक्ष आकडा बॅटरीच्या अवस्थेवर आणि तारांच्या जाडीवर अवलंबून राहील. परंतु तो शेकड्यांत असतो एवढे खास.

या लोंढ्यात बलवान बॅटरी दुबळीवर कुरघोडी करते. परिणामी जी मोटार आधीच बंद पडली आहे, तिच्याच तारांतून वीज उलट दिशेने वाहू लागते. जुन्या मोटारीस याचे फारसे भय नव्हते. तारेचा दिवा वीज कोणत्याही दिशेने आली तरी जळतो. त्याला उलटसुलट ठाऊक नाही. आजची मोटार मात्र एकाच बाजूस उघडणाऱ्या दारांनी भरलेली आहे. ही दारे म्हणजे डायोड.

1960 च्या दशकात मोटारींतून डायनॅमो मागे पडत गेला आणि त्याच्या जागी अल्टरनेटर आला. अल्टरनेटर आत प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि ती एकदिश करण्यासाठी त्यात सामान्यतः सहा डायोड असतात. बॅटरी सुलट असता हे डायोड तिची वीज मागे वाहू देत नाहीत. बॅटरी उलटी लागली की तेच दरवाजे सताड उघडतात आणि सारा लोंढा त्यांच्यातून धावतो. अशा वेळी एकतर मुख्य फ्यूज वितळतो आणि डायोड वाचतात, किंवा फ्यूज वितळण्यापूर्वीच डायोड जळतात. टॅक्सीवाल्याचे नुकसान थोडक्यात निभावणार की महिन्याची कमाई खाणार, याचा निकाल बहुधा त्या क्षणार्धात लागलेला असतो.

आता उपाय पाहू. पहिले काम म्हणजे चिमटे सोडविणे. मदतीस आलेल्या मोटारीचे इंजिन चालू असल्यास ते बंद करावे आणि तोंड दूर ठेवून चिमटा काढावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगीने त्याचा भडका उडून बॅटरी फुटू शकते. डोळ्यांत आम्ल गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत आणि तडक डॉक्टरांकडे जावे. बॅटरी फुगली असेल, तडकली असेल किंवा गळत असेल, तर तिला पुन्हा तारा लावूच नयेत. आणि घरात आजारी माणूस वाट पाहत असेल, तर मोटारीचा नाद सोडून त्याला तिसऱ्या वाहनाने रवाना करावे.

दुसरे काम तपासणीचे. ते क्रमाने करावे. प्रथम बॅटरीचा दाब मोजावा. पार रिकामी बॅटरी उलट्या प्रवाहाने कधी कधी उलटीच भरली जाते आणि मापकाचा काटा विरुद्ध बाजूस वळतो. अशी बॅटरी बदलणेच श्रेयस्कर. त्यानंतर मुख्य फ्यूज पाहावा. तो बहुधा बॅटरीच्या धन टोकाजवळ किंवा बॉनेटखालील पेटीत असतो. सर्व काही एकदम मेलेले असेल, तर दोष पुष्कळदा येथेच सापडतो. मग लहान फ्यूज एकेक पाहावेत. त्यांच्या रंगास अर्थ असतो. पात्याच्या नेहमीच्या फ्यूजमध्ये तांबडा 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा आणि हिरवा 30 चा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच मापाचा घालावा. तारेचा तुकडा किंवा जाड फ्यूज घालून काम भागविणे म्हणजे चोर पकडून देणाऱ्या पहारेकऱ्यासच बांधून ठेवणे होय. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी मोटारीतील तारा जळतील.

फ्यूज बदलून मोटार सुरू झाली, म्हणजे संकट टळले असे मात्र नव्हे. इंजिन चालू असता बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. काटा बाराच्या आसपासच रेंगाळला, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही असे समजावे. एखादा डायोड आरपार झाला असेल, तर तो उभ्या मोटारीतही रात्रभर बॅटरी गिळतो. नवी बॅटरी घालावी आणि ती दोन दिवसांत उतरावी, मग दुकानदारास दोष द्यावा, असे अनेकदा होते. खरा दोषी पुढे इंजिनाशेजारी बसलेला असतो. इंजिनाच्या संगणकाचा फ्यूज पुनःपुन्हा जात असेल, तर त्या पेटीतील संरक्षक डायोड स्वतः जळून आरपार झाला असण्याचा संभव आहे. सबंध पेटी टाकून देण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून तेवढे पाहून घ्यावे. एका लहानशा भागाने मोठा खर्च वाचू शकतो.

काही जुने मेस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढतात आणि मोटार चालू राहिली तर ‘चार्जिंग ठीक आहे’ असे सांगतात. डायनॅमोच्या काळी ही परीक्षा खपून गेली. अल्टरनेटरच्या मोटारीत मात्र बॅटरीचा आधार सुटताच दाब एकाएकी कितीतरी पटींनी उसळतो आणि जे उलट्या तारांतून बचावले तेही बळी पडते. ही परीक्षा करू देऊ नये.

सुलट जोडणीचा क्रम पाठच असावा. दोन्ही मोटारी एकमेकींस न टेकता उभ्या कराव्यात आणि बंद ठेवाव्यात. तांबडा चिमटा प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, त्याच तारेचे दुसरे टोक भरलेल्या बॅटरीच्या धन टोकास. मग काळा चिमटा भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि शेवटचा काळा चिमटा बंद मोटारीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. अखेरची ठिणगी वायूपासून लांब पडावी, हा त्यातील हेतू. मग मदतीच्या मोटारीचे इंजिन काही मिनिटे चालवून बंद मोटारीचा सेल्फ मारावा. ती सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात. तारांच्या रंगावर विसंबू नये. कोणी मागे रंग न पाहता तार बदललेली असते. बॅटरीवर कोरलेले अधिक आणि उणे चिन्ह फडक्याने पुसून, विजेरीच्या उजेडात पाहावे. गोल खुंट्यांच्या बॅटरीत धन खुंटी किंचित जाड असते, हीही एक खूण. 1950 च्या दशकातील अनेक ब्रिटिश मोटारींत ऋणाऐवजी धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. अशी जुनी मोटार कोणी जपली असेल, तर तेथे वरील क्रम जसाच्या तसा चालवू नये.

राहता राहिला मदतीस आलेल्या शिक्षकांचा प्रश्न. त्यांची मोटार सुरू होते, म्हणून ती निर्दोष ठरत नाही. तिचेही फ्यूज आणि चार्जिंग तपासले पाहिजे. खानापुरातील त्या पहाटे वृद्ध गृहस्थ दुसऱ्या गाडीने मार्गस्थ झाल्यावर टॅक्सीवाल्याने गप्प बसणे सोपे होते. पण तो शिक्षकांजवळ जातो आणि म्हणतो, “सर, चिमटे माझ्या हातून उलटे लागले. तुमचीही गाडी मेस्त्रीकडे दाखवू. खर्च माझा.”

“खर्चाचे मागाहून पाहू हो,” शिक्षक म्हणतात, “पण मेस्त्रीला काय झाले ते खरे सांगा.”

सल्ला लाखमोलाचा आहे. ‘आपोआप बंद पडली’ असे सांगितले, की मेस्त्री सेल्फ उघडतो, पंप उघडतो, तारा उकलतो, आणि प्रत्येक उकलीची मजुरी होते. ‘तारा उलट्या लागल्या’ एवढे शब्द उच्चारले, की त्याचा हात सरळ मुख्य फ्यूजकडे जातो. तो गेलेला निघाला आणि डायोड वाचलेले असले, तर दुपारपर्यंत टॅक्सी पुन्हा थांब्यावर उभी राहते.