कराराचा कोश गेला कुठे?

आमच्या चेन्नईच्या कोरल मर्चंट स्ट्रीटवर पूर्वी पोवळ्या-हिऱ्यांचे ज्यू व्यापारी होते. तिथून जाताना मला त्यांच्या धर्मातला हरवलेला कराराचा कोश आठवतो. सोन्याने मढवलेली बाभळीची पेटी, आत दहा आज्ञांच्या पाट्या.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. बायबलातल्या लुटीच्या यादीत फावडी आहेत, भांडी आहेत, पेटी नाही. फौजी माणूस म्हणून माझा कयास, ती आधीच हलवली असावी. इथिओपियातलं अक्सुम म्हणतं, आमच्याकडे आहे. पण दाखवत नाही.

टिपूच्या कैदेतून सुटलेले कंपनी फौजेतले बेने इस्रायली अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग उभारलं. तिथल्या पवित्र कपाटात धर्मग्रंथाची गुंडाळी असते. पेटी गेली, पण आज्ञा आपल्या मुंबईपर्यंत पोचल्या. जय हिंद.