दफनभूमीतील भिंत



ज्याने स्वतः छळ सोसला तो दुसऱ्यास छळणार नाही, असे आपणांस वाटत असेल. मुंबईच्या यहुदी समाजाचा इतिहास पाहा, म्हणजे हा समज किती भाबडा आहे ते ध्यानात येईल.

कोकणात बेने इस्रायल लोक कित्येक शतके नांदत आले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवारतेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनावे दिवेकर, पेणकर, नवगावकर. त्यांच्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करातील गृहस्थाने १७९६ मध्ये मुंबईचे पहिले सिनेगॉग उभारले.

पुढे बगदादकडील यहुदी व्यापारी आले. तेथील अंमलदाराच्या जाचामुळे देश सोडावा लागलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस पोहोचले. हे नवागत प्रथम प्रार्थनेस कोठे गेले? शनवारतेल्यांच्याच सिनेगॉगमध्ये. दफनभूमीही एकच होती. आणि १८३६ मध्ये, म्हणजे येऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच, ससून यांच्यासह बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे मागणी केली की, त्या दफनभूमीत आमच्या व बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी! ज्या ससून घराण्याच्या दानाने पुण्यात रुग्णालय उभे राहिले, त्याच घराण्याचा हा पुढाकार होता. दान देणे निराळे आणि शेजारी बसू देणे निराळे.

कारण काय सांगत? यांचे घटस्फोटाचे विधी शास्त्रशुद्ध नाहीत, यांच्या रक्तात भेसळ आहे. ही भाषा आपणांस नवी नाही. खरे कारण असे की, बगदादी पुढाऱ्यांना इंग्रजांच्या राज्यात युरोपियनांत गणले जावयाचे होते, आणि काळ्यासावळ्या मराठी धर्मबांधवांची सोबत त्या आड येत होती. बेने इस्रायलही निर्दोष नव्हते. त्यांच्यात ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद असून परस्परांत रोटीबेटी नव्हती.

रंगूनमध्ये बगदाद्यांच्या सिनेगॉगात बेने इस्रायलांस मताचा हक्क नाकारला गेला. तेथे त्यांनी विनवण्या केल्या नाहीत. १९३० नंतरच्या दशकात ते न्यायालयात गेले आणि जिंकले.

१९४८ नंतर ते इस्रायलला जाऊ लागले. आता नवागत तेच होते. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायल मनुष्याचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी. ज्या देशात सर्व यहुद्यांना घर मिळणार होते, तेथे यांच्याच आज्यापणज्यांचे दाखले मागितले गेले! १९६४ च्या उन्हाळ्यात ही माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. धर्मपीठाने फर्मानातून बेने इस्रायल हे नाव वगळले. ज्याच्या वंशाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवला.