राम ज्याच्या हाती

आमच्या इन्सुलीजवळच्या सावंतवाडीत, राजवाड्यात, आजही हातानं रंगवलेल्या गंजिफा तयार होतात. नाव फारसी, पानांवर मात्र विष्णूचे दशावतार! 10 रंग, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत फौज. एकूण 120 गोल पानं. पाच रंगांत दश्शी प्रधानाच्या खालोखाल, उरलेल्या पाचांत एक्का. लहानाला असा मान देणारं युद्ध विरळाच! दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, उतारी त्याची; रात्री कृष्णाचा. माझ्यासारख्या मुसलमानाच्या हाती राम आला, तर डाव मीच उघडायचा. पानं जात विचारत नाहीत. सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला जगवली. आज मात्र पानं चौकटीत बसून भिंतीवर जातात. भिंतीवर लढाई रंगत नाही. त्यासाठी तीन गडी समोरासमोर बसावे लागतात.