विज्ञानाच्या मासिकाला वाचक कोठून आणावा?



‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात 1928 साली निघाले. विज्ञानाची मासिके काढणाऱ्यांची ‘वाचकच नाही’ ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. मी युनियनचा माणूस. वर्गणी गोळा करण्यात आयुष्य गेले. वाचक आहे, आपण त्याच्या दारी जात नाही.

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती म्हणे दूध प्यायला. आम्ही भाषण केले नाही. गेटवर लोखंडी ऐरणीला दुधाचा चमचा टेकवला. पृष्ठताणाने दूध ओढले गेले, ओघळून खाली आले. कामगार हसले, मग ‘हे कसे?’ विचारू लागले. वाचक जन्मतो तो तेथे.

मात्र टिंगल केलीत की माणूस उठून जातो. ज्या प्रेसवर बोटे तुटतात, तिच्यावर लिंबू-मिरची टांगलेली दिसते. ती भीतीची खूण आहे. तिला हसू नये. एवढेच विचारावे, जाळी बसवली का? धोक्याच्या भागांना आडोसा घालण्याची सक्ती 1948 च्या कारखाने कायद्यातच होती. हे छापा, यंत्राच्या चित्रासह. अंक फुकट मात्र वाटू नका. फुकटचा कागद भज्यांना जातो. आणि हो, अक्षर मोठे असू द्या. पाळी सुटते तेव्हा डोळे थकलेले असतात.