शिवगंगेकाठचे ख्रिस्तमंदिर

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी प्रथम बृहदीश्वराच्या देवळाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. राजराज चोळाने सन १०१० च्या सुमारास पुरे केलेले ते प्रचंड विमान दोनशे फुटांच्याही वर चढले आहे. ते डोळे भरून पाहून झाले की प्राकाराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख शोधावयाचा. भोसले कुळाची ही सविस्तर कथा सरफोजी दुसरा याने १८०३ मध्ये दगडात खोदविली. परमुलखात आपल्या भाषेची इतकी अक्षरे एका ठिकाणी पाहून मराठी माणसाला भरून यावे, यात नवल नाही. येथवर आले की यात्रा पुरी झाली असे मानून बहुतेक जण परततात.

त्याच लहान किल्ल्यात, शिवगंगा तळ्यापासून जवळच, एक साधेसे ख्रिस्तमंदिर उभे आहे. तिकडे सहसा कोणाचे पाऊल वळत नाही. वस्तुतः त्या मराठी शिलालेखाचा जोडीदार या मंदिरात आहे. ज्या राजाने शेजारच्या देवळात आपल्या पूर्वजांची कथा कोरविली, त्यानेच येथे इंग्लंडहून घडवून आणलेला संगमरवर बसविला.

मंदिर बांधले ते क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्स या जर्मन धर्मोपदेशकाने, १७७९ मध्ये. श्वार्ट्सचा जन्म १७२६ चा, प्रशियातला. हाले येथे शिकून १७५० मध्ये तो डॅनिश लोकांच्या तरंगमबाडीला उतरला आणि पुन्हा मायदेशी म्हणून गेला नाही. तिरुचिरापल्लीस असताना १७६६ मध्ये त्याने तेथे एक मंदिर उभे केले होते. तंजावरचे हे त्यानंतरचे. तमिळ तर तो बोलेच, पण दरबारी मंडळींशी थेट संवाद साधावा म्हणून मराठीही शिकला. त्याच्या सचोटीचा लौकिक एवढा, की १७७९ मध्येच कंपनी सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यास त्याला श्रीरंगपट्टणास धाडले. निघताना हैदराने दिलेली पैशांची थैली त्याने स्वतःपाशी ठेवली नाही. ती शाळेच्या कामी लागली.

अशा माणसाने बांधलेले घर जसे असावे तसेच हे आहे. कावेरीच्या त्या गाळाच्या प्रदेशात दगड सापडत नाही. बृहदीश्वरासाठी तो दुरून आणावा लागला. पण चोळ सम्राटाचे सामर्थ्य एका फकिरी वृत्तीच्या उपदेशकाजवळ कोठून असणार? त्याने वीट आणि चुना यांवर भागविले. गोपुरे, मूर्ती, कोरीव थर यांनी गजबजलेल्या वास्तूच्या सावलीत ही पांढरी, उघडी भिंत प्रथम ओकीबोकी वाटते. तसे वाटण्याचे कारण मात्र केवळ दारिद्र्य नव्हे. ल्यूथरच्या परंपरेतील उपासना ही मुख्यतः श्रवणाची उपासना होय. देवळात भाविक गर्भगृहाकडे दर्शनासाठी जातो. येथे तो बसतो आणि ऐकतो. म्हणून येथे अंधारे गर्भगृह नाही, प्रदक्षिणा नाही. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचावा आणि पुस्तक वाचण्यापुरता उजेड असावा, एवढ्याच अपेक्षेने दालन रचलेले असते. सामानसुमानही त्याच बेताचे: प्रभुभोजनाचे मेज, बाप्तिस्म्याचे पात्र, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपदेशाचे उंच व्यासपीठ. या व्यासपीठावरून श्वार्ट्स बोलत असे. किल्ल्यातील शिबंदीसाठी इंग्रजीत, गावातील ख्रिस्ती मंडळींसाठी तमिळमध्ये.

आता त्या संगमरवराकडे वळू. तुळजाजी राजाला औरस वारस उरला नाही, म्हणून त्याने १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि मुलाचा हात श्वार्ट्सच्या हाती देऊ केला. श्वार्ट्सने राज्यकारभाराचे ओझे घेण्यास नकार देऊन राजाचा भाऊ अमरसिंग याचे नाव सुचविले. हा सल्ला मुलाला महाग पडला. कंपनीने अमरसिंगाला गादीवरच बसविले, आणि मुलाची इतकी आबाळ होऊ लागली की अखेर श्वार्ट्सने खटपट करून त्याला १७९३ मध्ये मद्रासला हलविले. तेथे त्याचे शिक्षण झाले. दत्तविधान शास्त्राला धरून होते, हे कंपनीला पटवून देण्याच्या कामीही श्वार्ट्सचा शब्द उपयोगी पडला. मात्र शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तो तंजावरातच वारला, आणि सरफोजी गादीवर आला तो त्याच वर्षीच्या जूनअखेर. अंत्यविधीला वीस वर्षांचा सरफोजी हजर होता. त्याने मृतदेहावर जरीचे वस्त्र घातले आणि तो रडला, असे तेव्हाच्या मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

तीन वर्षांनी, १८०१ मध्ये, सरफोजीने लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला पत्र लिहिले. श्वार्ट्सचे संगमरवरी स्मारक माझ्या खर्चाने घडवून पाठवा, असे त्याचे मागणे होते. ते कोठे बसवावयाचे तेही त्याने ठरविले होते: ज्या व्यासपीठावरून गुरू उपदेश करी, त्याच्या सर्वांत जवळच्या खांबावर. आणि हे खांब सुमारे दोन हात रुंद आहेत, असे मापही त्याने कळविले! शिवाजीच्या घराण्यातील एक राजा ख्रिस्तमंदिराच्या खांबाचे माप हातांनी सांगतो, हे दृश्य क्षणभर मनापुढे आणावे. स्मारक भव्य हवे असे त्याने म्हटले नाही. ते खांबावर मावावे, एवढीच त्याची चिंता.

काम जॉन फ्लॅक्समनकडे गेले. होमरच्या काव्यांवरील रेखाचित्रांनी युरोपात गाजलेला हा शिल्पी हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने उथळ उठावात मृत्युशय्येचा प्रसंग कोरला. पलंगावर वृद्ध श्वार्ट्स, उशाशी एक सहकारी उपदेशक, जवळ शाळेतील मुले; आणि गुरूचा हात हाती घेऊन उभा असलेला सरफोजी, मागे त्याची दोन माणसे. मद्रासच्या सेंट मेरी मंदिरात कंपनी सरकारनेही श्वार्ट्सचे स्मारक उभारले. ते धाकट्या जॉन बेकनचे काम. त्यात क्रूस घेतलेला देवदूत अवतरतो. तंजावरच्या शिल्पात स्वर्गातून कोणी येत नाही. माणसाने माणसाचा हात धरला आहे, एवढेच. दोहोंत हे साधे शिल्प अधिक खरे वाटते. ते अखेर खांबावर गेले नाही. मंदिराच्या पश्चिम टोकाला बसले.

अर्थात या शिल्पातही एक गोष्ट झाकली गेली आहे. त्या मृत्युशय्येजवळचा सरफोजी अजून राजा नव्हता; गादीवर अमरसिंग होता. पुढे गादी मिळाली, पण २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि उत्पन्नाचा ठराविक वाटा तेवढा राहिला. त्या वाट्यातूनच सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढला, त्यातूनच देवळातील मराठी लेख आणि त्यातूनच हा संगमरवर. गुरूच्या मध्यस्थीने मिळालेले राज्य राज्य म्हणून उरलेच नाही, याचा दोष त्या मृत माणसाला द्यावा काय? सरफोजीने तो दिलेला दिसत नाही. त्याचप्रमाणे ज्या धर्माच्या प्रसारासाठी गुरूने आयुष्य वेचले, तो धर्मही त्याने घेतला नाही. तो शिवभक्त राहिला आणि गुरूला पिता म्हणत राहिला.

श्वार्ट्सची समाधी या मंदिरात नाही. ती किल्ल्याबाहेर, पूर्वीच्या मिशनच्या बागेतील सेंट पीटर मंदिरात आहे. तिच्यावरील शिळेसाठी सरफोजीने स्वतः इंग्रजी कविता रचली. भाषा शाळकरी आहे, यमके ओढूनताणून जुळविली आहेत. पण शेवटी आपले नाव गुंफून, या पित्याला शोभेसे होता यावे असे तो मागतो, तेव्हा व्याकरणाकडे लक्ष राहत नाही.

१८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. २६ तारखेला ईस्टरच्या दिवशी किल्ल्यातील याच मंदिरात त्यांनी उपदेश केला, आणि सायंकाळी तमिळ उपासनेच्या शेवटी आशीर्वाद तमिळमध्ये उच्चारला. दोन दिवसांनी राजवाड्यात भेट झाली. लाव्हाझिए आणि लिनियस यांची नावे सहज घेणारा राजा पाहून बिशप चकित झाले. राजा मात्र फिरून फिरून आपल्या प्रिय पित्याबद्दल, श्वार्ट्सबद्दलच बोलत होता. आपण त्यांच्यासारखे व्हावे, त्यांच्या जागी उभे राहावे, असे त्याने पाहुण्याला तीनदा सांगितले. हेबर तेथून तिरुचिरापल्लीला गेले आणि ३ एप्रिलला तेथेच वारले. सरफोजी त्यानंतर सहा वर्षे जगला.